झोपेचा कागद : प्रकल्प नोंदी (जून ते डिसेंबर २०२४)

१० जून, सोमवार

नवी वही. बाहेर पाऊस, थेरपी केंद्राच्या दारात चपलांचा ढीग, आत नऊ घरांतले आई-बाप आणि दोन आज्या. सहा घरं सांगली-मिरजेतली, बाकीची तासगाव, आष्टा आणि कवठेमहांकाळहून. झोपेचा प्रकल्प आजपासून सुरू.

नावं कुठंच लिहायची नाहीत, घर १ ते घर ९ असंच चालवायचं. पाच मुलांना फक्त ऑटिझमचं निदान आहे. बाकी चौघांच्या आजाराला तपासणीतून नाव मिळालेलं आहे, सगळे जनुकांतल्या बिघाडातून येणारे दुर्मिळ आजार: घर २ एंजलमन, घर ३ ट्यूबरस स्क्लेरॉसिस (याला ऑटिझमही), घर ५ प्राडर-विली, घर ७ रेट.

हे कशासाठी, ते स्वतःसाठीच लिहून ठेवते. थेरपीच्या सत्रात मूल पेंगतं, नाहीतर इतकं चिडलेलं असतं की झोक्यावर बसवण्यातच अर्धा तास जातो. आई म्हणते, "रात्री दोनला उठलंय ओ मॅडम." आणि मी टिपणात लिहिते, 'सहकार्य कमी'. अकरा वर्षं हेच लिहीत आले. ऑटिझम असलेल्या मुलांत निम्म्याहून जास्त जणांना झोपेचा त्रास असतो, काही पाहण्यांत हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत जातो. हे मला पाठ होतं, पण रात्री त्या घरात नेमकं काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं.

नियम एकच ठरवला. पहिले दोन आठवडे कुणालाही कसलाही सल्ला द्यायचा नाही, फक्त लिहून घ्यायचं. सगळ्यात अवघड मलाच जाणार.

१४ जून, शुक्रवार

प्रश्नावलीत आठवडा गेला. मुलांच्या झोपेच्या सवयींची एक अमेरिकन प्रश्नावली जगभर वापरतात, २००० सालची. तेहतीस प्रश्न, प्रत्येकाला १ ते ३ गुण, म्हणजे एकही तक्रार नसली तरी बेरीज ३३ येणार. ४१ किंवा त्यावर गेलं की त्रास आहे असं धरायचं.

घरांना देण्याआधी माझ्या सात वर्षांच्या भाच्याला लावून पाहिली. हा मुलगा पाठ टेकली की झोपतो, सकाळी हाका मारून उठवावा लागतो. एकटा स्वतःच्या अंथरुणात झोपतो का? नाही, आजीजवळ. दुसऱ्याच्या अंथरुणात झोप लागते का? रोज. झोप लागेपर्यंत मोठं माणूस खोलीत लागतं का? खोली एकच आहे, माणसं जाणार कुठं. एकटं झोपायला भितो का? तशी वेळच आलेली नाही, पण भिईलच. चार प्रश्नांचे दोन-दोन गुण वाढले, ३३ अधिक ८, बरोबर ४१. माझा ठणठणीत भाचा आजीच्या कुशीत झोपतो म्हणून रुग्ण ठरला.

आपल्याकडे रात्री बाहेरच्या खोलीत गाद्या पडतात आणि भिंतीपासून दारापर्यंत सगळं घर ओळीनं झोपतं. ही प्रश्नावली बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुलाची वेगळी खोली होती. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण ती जशीच्या तशी इथं वापरली तर नऊच्या नऊ घरं पहिल्याच दिवशी नापास होतील. बेरीज करायची नाही असं ठरलं. प्रश्न फक्त बोलणं सुरू करायला वापरायचे.

२४ जून, सोमवार

पहिले कागद परत आले आणि माझी चूक दिसली. एका ओळीत चोवीस चौकोन, झोपेचे निळ्या पेनानं भरायचे. मी ओळ रात्री बारापासून सुरू केली होती, त्यामुळे प्रत्येक रात्रीचे दोन तुकडे झाले, अर्धी या ओळीच्या शेवटी आणि अर्धी खालच्या ओळीच्या सुरुवातीला. घर ६ च्या वडिलांनी पेन्सिलीनं बाण काढून तुकडे जोडून दिलेत. बिचाऱ्यांनी तक्रार केली नाही.

नवा कागद दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा. रात्र मधोमध. शेवटी एक जास्तीचा रकाना ठेवलाय: 'आई किती तास झोपली'. सायकॉलॉजिस्ट ताईंचा आग्रह. मला तेव्हा तो फाजील वाटला होता.

१ जुलै, सोमवार

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले. फेब्रुवारीत सरकारनं काढलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. चांगलं केलं. पण घर ८ ची मुलगी विशेष शाळेत जाते, गाडी गावभर फिरत येते आणि तिच्या दारात सव्वासातला थांबते. तिला रात्री एकच्या आत झोप लागत नाही.

घर ९ चा कागद आला नाही. फोन लागत नाही.

४ जुलै, गुरुवार

घर ३ ची आई शेतावर कामाला जाते. लिहिता येत नाही, कागदावर चौकोन भरायचे म्हटल्यावर हसली. "घड्याळ कळतंय मला, पर रात्री दिवा लावून कागुद कुठं शोधू?" पोरगं उठलं की एका हातानं त्याला धरायचं असतं.

आमच्याकडे मदतीला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं युक्ती काढली. पोरगं उठलं की तिनं व्हॉट्सॲपवर प्रकल्पाच्या नंबरला नुसता एक ठिपका पाठवायचा. वेळ मोबाईल आपोआप लिहितो. प्रकल्पाचा नंबर म्हणजे माझा जुना फोन, तो उशाशी असतो.

काल रात्रीचे ठिपके : ११.४८, १.१५, ४.१२, ४.१९, ४.३१, ४.५०.

१५ जुलै, सोमवार

दोन आठवड्यांचा संयम संपला. बालरोगतज्ज्ञ मॅडमसोबत बसलो, सतरंजीवर नऊ घरांचे कागद पसरले (आठच, घर ९ गेलंच म्हणायचं).

'झोपत नाही' हे घर ५ सोडून सगळ्यांनी पहिल्या दिवशी एकाच सुरात सांगितलेलं वाक्य होतं. कागदावर एकाही घराची रात्र दुसऱ्यासारखी दिसत नाही. घर १ ची झोप लागतच नाही, पण एकदा लागली की सलग. घर २ ला लवकर लागते, पण रात्री दीड ते पाच लख्ख जाग. घर ६ रात्रभर ठिगळं-ठिगळं. घर ५ च्या कागदावर निळाच निळा, रात्रभर आणि वर दुपारी दोन तास. त्याचे वडील म्हणाले होते, "आमचा झोपतो मस्त, आम्ही फक्त प्रकल्पाला मदत म्हणून आलोय." मॅडमनी सगळ्यात आधी तोच कागद उचलला. प्राडर-विली, वजन वाढतंय, दिवसा पेंगतो. "घोरतो का विचारलंत?" विचारलं. घोरतो. मध्येच आवाज बंद होतो आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास येतो. आजी त्याला 'गाढ झोप' म्हणत होती. त्याचं वाढीचं इंजेक्शन सुरू करायचं चाललंय, त्याआधी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करायलाच हवी. मिरजेला चिठ्ठी दिली. सगळ्यात 'चांगल्या' कागदाचं काम सगळ्यात तातडीचं निघालं.

२६ जुलै, शुक्रवार

कृष्णेचं पाणी वाढतंय. जो येतो तो आधी आयर्विन पुलाच्या पातळीबद्दल बोलतो, मग मुलाबद्दल. २०१९ च्या महापुराचा धसका अजून गेलेला नाही. घर ७ नदीकडच्या बाजूला राहतं, ते चार दिवस विश्रामबागला बहिणीकडे गेलेत. नवी जागा, नवं छत, मुलगी दोन रात्री किंचाळली.

रेटच्या मुलींत रात्री हसण्याचे आणि किंचाळण्याचे प्रसंग ओळखीचे आहेत. डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला, जनुक सापडायला १९९९ उजाडलं. हे सगळं बरोबर आहे. पण 'रेटमध्ये असं होतंच' म्हणून आम्ही हात झटकायला निघालो होतो, तेव्हा मॅडमनी विचारलं की शी कधी झाली. पाच दिवसांपूर्वी. हिला बोलता येत नाही, पोटाकडे हातही नेता येत नाही. बद्धकोष्ठतेचं औषध आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास उभ्या पाठीनं बसवणं, एवढंच सुचवलंय.

५ ऑगस्ट, सोमवार

ठिपक्यांचा महिना झाला. विद्यार्थ्यानं सगळे एका तक्त्यात मांडले. घर ३ मध्ये रात्रीच्या जागा इकडेतिकडे विखुरलेल्या आहेत, पण पहाटे चार ते पाच या तासात रोज घोळका. रोज. पोर हट्टानं उठतं तेव्हा घड्याळ इतकं पाळत नाही.

आईला सांगितलं, ठिपका नको, चार वाजता व्हिडिओ काढा. आला आज. झिरोच्या बल्बचा पिवळा उजेड, कोंबड्याचा आवाज. मूल झोपेत कण्हतं, डोळे उघडतात, एका बाजूला जातात, डावा हात कोपरात ताठ होतो आणि तसाच राहतो. तीस सेकंद असतील. मग चेहऱ्यावर गोंधळ आणि रडणं. आई रडण्यानं उठायची, त्यामुळे आधीचं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. फिट.

ट्यूबरस स्क्लेरॉसिसमध्ये मेंदूत गाठी असतात आणि झोपेतून जागं होण्याच्या सुमाराला फिट येणं यात नवल नाही. हे पुस्तकात आहे, माझ्या डोक्यातही होतं. तरी वर्षभर या मुलासाठी मी 'झोपण्यापूर्वीचा दिनक्रम' शिकवत होते, चित्रांची कार्डं करून.

न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. ईईजीच्या (मेंदूच्या लहरींच्या तपासणीच्या) चिठ्ठीवर सूचना आहे, 'आदल्या रात्री मुलास जागे ठेवावे'. आई म्हणाली, "ते काय वेगळं सांगायचं?"

१६ ऑगस्ट, शुक्रवार

घर १. सहा वर्षांचा, ऑटिझम, झोप लागायला साडेबारा. मोबाईल आठला बंद होतो, जेवण वेळेवर, अंधार, अंगाई, सगळं आईनं करून झालंय.

आज तिच्यासोबत संध्याकाळची वेळ नीट उकलत बसले. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतात, घरी यायला बारा वाजतात. पोरगा गादीवर पडतो पण डोळे दाराकडे. स्कूटर गल्लीत वळली की उठून बसतो, कडी वाजली की दोनदा टाळी वाजवतो, बाबांच्या डब्याच्या पिशवीचा वास घेतो आणि मग दहा मिनिटांत झोपतो. वडिलांची दिवसपाळी असते त्या आठवड्यात साडेदहाला झोपतो. हे कागदावर स्वच्छ दिसतंय, एक आठवडा उशिरा आणि एक लवकर. आम्ही त्याला निद्रानाश म्हणत होतो आणि तो वाट बघत होता.

उपाय दोन. एक, त्याला झोपवायची वेळच उशिरा करायची, म्हणजे खरी झोप लागते त्याच सुमाराला गादी टाकायची आणि मग दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. गादीवर तीन तास तळमळत पडण्याची सवय आधी मोडायला हवी. दुसरा वडिलांनी स्वतः काढला. रोज वापरतात ती डब्याची पिशवी घरी ठेवून दुसरी न्यायची. जुनी पिशवी पोराच्या उशाशी.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज घर ४ बद्दल सविस्तर, कारण आज कागद पाहून मी गप्प झाले.

मुलगा सात वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी ऑटिझमचं निदान, पुढची कुठलीच तपासणी नाही. संध्याकाळी सातला झोपतो, पहाटे अडीचला टक्क जागा. मग दिव्याची बटणं, नळ, आजीचे चष्मे. सकाळी अकराला पेंग, दुपारी जेवताना झोप. आज माझ्यासमोरच झालं: आईनं वरण-भाताचा घास भरवला, दोनदा चावला आणि मान खाली. घास गालात तसाच. आईनं सवयीनं बोट घालून तो बाहेर काढला आणि पदराला पुसलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, रोज करतो तसं काम.

कागदावर दिवसाचे चौकोन निळ्या ठिपक्यांनी भरलेत आणि पहाट कोरी. कुणीतरी याचं घड्याळ उलटं लावलंय असंच वाटतं.

मग बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. मी त्या दोन वर्षं पाहते आहे आणि एकमेकींना कधी जोडल्या नाहीत. आनंद झाला की हा स्वतःला मिठी मारतो, दोन्ही हात छातीशी आवळतो आणि थरथरतो, आम्ही सगळे त्याला कौतुकानं हसतो. पुस्तक दिलं की बोट चाटून चाटून भराभर पानं उलटतो. पायाच्या अंगठ्याचं नख त्यानं उपटलेलं आहे. जाड, खरखरीत आवाज. मॅडमना फोन केला. त्यांनी एवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, "स्मिथ-मॅजेनिस बघायला हवं."

सतराव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, त्यात आरएआय-१ नावाचं जनुक. अंदाजे १५,००० ते २५,००० जन्मांत एक. मेलाटोनिन हे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून वाढतं. या आजारात ते बहुतेक मुलांत दिवसा वाढतं आणि रात्री उतरतं. घड्याळ उलटं हे मी उगाच म्हटलं होतं, ते शब्दशः खरं असू शकतं.

या बाईला आजवर तीन ठिकाणी सांगितलंय की पोरगा लाडावलाय.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. केंद्र बंद, पण नोंद करायला हवी. घर ४ च्या मायक्रोॲरे (गुणसूत्रांच्या) तपासणीचा खर्च पाच आकडी होता. गल्लीतल्या मंडळानं वर्गणीतून अर्धा उचलला, रक्त गेल्या आठवड्यात गेलं. त्याच मंडळाचे साउंडचे बॉक्स त्याच्या खिडकीसमोर लागलेत. वडील म्हणाले, आता कुठल्या तोंडानं सांगू.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन झालं. अकरा दिवसांचे कागद वेगळे ठेवले, हिशेबात धरायचे नाहीत. घर ८ च्या आईनं एका रात्रीच्या ओळीवर आडवं लिहिलंय, 'डॉल्बी'.

घर ६ ची बातमी चांगली. हा रात्रभर लाथा मारतो, गादीवर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. मॅडमनी फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) करायला लावलं होतं, ११ आलं. रिपोर्टात त्यापुढे 'नॉर्मल' छापलंय, कारण प्रयोगशाळेची मर्यादा रक्तक्षयापुरती असते. पायांच्या अस्वस्थतेसाठी मात्र ५० च्या खाली असेल तर लोह द्यावं असं झोपेचे तज्ज्ञ मानतात. पोरगं दूध-बिस्किट आणि पुरी यांपलीकडे काही खात नाही, मग लोह येणार कुठून. जुलैअखेर औषध सुरू झालं. अजून तीन महिने पुरे व्हायचेत, पण ठिगळं कमी झालीत हे कागदावर कुणीही सांगेल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पालकांची बैठक. विषय मेलाटोनिन, कारण दोन घरांनी आम्हाला न विचारता ऑनलाइन गोळ्या मागवल्यात. एकात तर जेलीच्या गोळ्या, अस्वलाच्या आकाराच्या.

मी ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे आकडे फळ्यावर लिहिले. २०१२ साली छापलेली, मेंदूच्या विकासाचे विकार असलेली १४६ मुलं. मेलाटोनिननं झोप लागायला लागणारा वेळ सुमारे ३८ मिनिटांनी कमी झाला. एकूण झोप वाढली सुमारे २२ मिनिटं, कारण मुलं सकाळी उठलीही लवकर. घर २ ची आई मागून म्हणाली, "बावीस मिनिटांत माझा चहा होतोय फक्त." सगळे हसले. मग घर ८ ची आई म्हणाली की तिला ती ३८ मिनिटं चालतील, सव्वासातची गाडी तिच्याच दारात येते. एकाच औषधाचे दोन आकडे, आणि कुणाला कुठला उपयोगी ते ज्याच्या-त्याच्या रात्रीवर.

बाजारातल्या गोळ्यांबद्दल मात्र कडक बोलले. २०१७ मध्ये कॅनडात अशी ३१ उत्पादनं तपासली. लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कुठं ८३ टक्के कमी, कुठं ४७८ टक्के जास्त. डोस आणि वेळ डॉक्टर ठरवतील, अस्वल नाही.

एका आजीनं जायफळाचं काढलं. दुधात उगाळून, "आमच्या सगळ्या पोरांना दिलं की." दगडावर दोन वेढे असतील तर भांडत बसत नाही. पण झोप येईना म्हणून वेढे वाढवत नेले तर जायफळाची विषबाधा होते, आणि फिटच्या औषधावर असलेल्या मुलाला तर नकोच. सर्दीचं सिरप झोपेसाठी देणंही बंद करायला सांगितलं. खाली बघणाऱ्या माना मोजल्या नाहीत.

तेवढ्यात कुणीतरी वजनाच्या ब्लँकेटचं विचारलं, सहा हजारांचं पाहिलं म्हणे. २०१४ ची एक चाचणी आहे, ऑटिझम असलेल्या मुलांवर केलेली. झोपेची मिनिटं काही वाढली नाहीत, पण मुलांना आणि आईबापांना ते आवडलं. घरात आजीनं शिवलेली जुनी वाकळ असेल तर तीच घाला, वजन तिलाही असतं. मूल स्वतःच्या हातानं ती बाजूला सारू शकत असेल तरच.

९ ऑक्टोबर, बुधवार

घर ४ चा रिपोर्ट आला. सतराव्या गुणसूत्रावरचा १७पी११.२ हा तुकडा नाही. स्मिथ-मॅजेनिस.

मॅडम समजावत होत्या, आई ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या लाडानं नाही झालं?" मॅडमनी पुन्हा 'नाही' म्हटलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले.

उपचाराचं गुंतागुंतीचं आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सकाळी बीटा-ब्लॉकर (एरवी रक्तदाबासाठी देतात ते औषध) देऊन दिवसाचं मेलाटोनिन दाबायचं आणि संध्याकाळी बाहेरून मेलाटोनिन द्यायचं अशी रीत बसवली. पण या मुलाला पावसाळ्यात दमा लागतो, पंप घ्यावा लागतो. दम्यात बीटा-ब्लॉकर चालत नाही. म्हणजे अर्धा उपाय आधीच बाद. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरात टॅसिमेल्टिऑन नावाच्या औषधाला याच आजारातल्या रात्रीच्या झोपेसाठी मान्यता मिळाली. वडिलांनी तिथंच मोबाईलवर किंमत शोधली आणि मोबाईल खिशात ठेवला.

उरलं ते : रात्री मेलाटोनिन, डॉक्टरांच्या डोसनं. सकाळी उठल्या उठल्या अंगणात उजेडात. दुपारी एकच झोप, ठरलेली, घड्याळ लावून, म्हणजे घासात झोप नको. आणि पहाटे अडीचची खोली. तो उठणारच असेल तर काय हाताला लागावं हे आपण ठरवू. खिडकीला जाळी, नळाचा मेन कॉक बंद, काडेपेटी वरच्या फळीवर, खाली त्याच्या आवडीच्या जुन्या कॅटलॉगांचा गठ्ठा. आजीचे चष्मे डब्यात.

२१ ऑक्टोबर, सोमवार

घर ५ ची स्लीप स्टडी झाली. झोपेत श्वास अडकतोय. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड मोठे, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. इंजेक्शन तोवर थांबलंय.

घर २ मध्ये काही बदल नाही आणि तसं आईला सांगून टाकलं. एंजलमनच्या मुलांची झोपेची गरजच कमी असते. ही पोरगी रात्री दीडला हसत उठते, बादलीकडे जाते आणि पाण्यात हात घालून खुशीत बसते. फिटची तपासणी करून घेतली, औषध चालू आहे, मेलाटोनिननं थोडं पुढंमागं झालं. आई म्हणाली, "ती मजेत आहे ओ, मरायला मी टेकलेय." म्हणून आता आईच्या झोपेचं नियोजन. आठवड्यातल्या दोन रात्री वडील, एक रात्र मावशी. त्या रात्री आईनं शेजारच्या खोलीत, दार लावून. मावशीला हे सांगायला आईची जीभ रेटत नव्हती, फोन मी केला.

६ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीचे कागदही बाजूला. घर १ चा मुलगा फटाक्यांत तीन रात्री कपाटात झोपला. कपाटात का होईना, झोपला हे महत्त्वाचं.

पिशवीचा प्रयोग लागू पडलाय. वडिलांची दुसरी पाळी असतानाही सव्वाअकराच्या आसपास झोप. पिशवी आता धुवायची नाही असा घरात हुकूम आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

विद्यार्थ्यानं सहज म्हणून शेवटचा रकाना मुलांच्या झोपेशेजारी मांडला, तोच ताईंच्या आग्रहाचा. घर ७ मध्ये मुलगी ऑक्टोबरपासून बरी झोपते आहे, पोट साफ असतं, किंचाळणं बरंच कमी. आईची झोप मात्र जूनमध्ये होती तेवढीच, चार-साडेचार तास. विचारलं तर म्हणाली, "ती ओरडली नाही की जास्त जाग येते. श्वास बघते." नऊ वर्षांची सवय. यावर माझ्याकडे कागद नाही. ताई तिच्याशी बोलतायत.

फाजील म्हटलेला शब्द मागे घेतला, ताईंना तसं सांगितलंही.

३ डिसेंबर, मंगळवार

घर ४ : गेल्या पंधरवड्यात उठायची वेळ बहुतेक चारच्या पुढं. दोनदा पावणेपाच. जेवताना झोप आठवड्यातून एखादी. दिव्याची बटणं चालूच. मुलाच्या हातात माझ्या टेबलावरचं औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, बोट चाटत डिसेंबरापासून जानेवारीपर्यंत उलटं गेला आणि शेवटी स्वतःला मिठी मारली. आता ती मिठी बघताना आम्ही हसतो तेव्हा थोडं वेगळं हसतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

घर ३ : औषध बदलल्यापासून पहाटेचा घोळका विरळ होत गेला. सप्टेंबरात रोज, नोव्हेंबरात आठवड्यातून दोनदा. मला मात्र चार वाजता जाग येते, फोन बघायला. काल रात्री ठिपका नाही. परवाही नाही. आज सकाळी विद्यार्थ्याला तक्ता उघडून दाखवला, दोन कोऱ्या ओळी. त्यानं चहा सांगितला.

दुपारी न राहवून मीच फोन लावला. वाजतच राहिला, तिसऱ्यांदा उचलला. शेतात होती.

"अहो मॅडम, रिचार्ज संपलाय माझा. परवा तीनदा उठलं, काल एकदा. आरशावर टिकल्या लावून ठेवल्यात, घरी गेल्यावर मोजून सांगू का परत?"